मात्रा किती? औषधाच्या कपाटातल्या गांजाची गोष्ट

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका. घरात कोणाच्या कानावर 'गांजा' हा शब्द पडला, तर पुढचे प्रश्न तुम्हालाच येणार आहेत, मला नाही.

गेले काही महिने माझ्या इनबॉक्समध्ये एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येतेय. कुणी तरी रील पाहिलेलं असतं. हिरवी बाटली, वर 'विजया' असं नाव, आणि मग यादी: झोप येत नाही, पाठ दुखते, टेन्शन आहे, आजीचे गुडघे, बाबांची शुगर. सगळ्यावर चार थेंब जिभेखाली. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: हजारो वर्षं आपल्या आयुर्वेदात होतं, इंग्रजांनी बंद पाडलं. दुसऱ्या बाजूला आपली भाषा बघा. चांगल्या घराण्यात एखादा वाया गेला की आपण म्हणतो 'तुळशीत भांग'. म्हणजे एकीकडे अमृत, दुसरीकडे घराण्याला बट्टा. मधलं कुणी काही सांगतच नाही. आज ते मधलं सांगायचं आहे.

आधी शब्द सरळ करून घेऊ. झाड एकच. पानं वाटून जे करतात ती भांग (ती भांग, केसांतला तो भांग वेगळा). मादी झाडाचे चिकट फुलोरे म्हणजे गांजा. आणि त्यावरचा राळेसारखा चीक गोळा केला की चरस. कायद्यालाही हा फरक महत्त्वाचा वाटतो, ते पुढे येईलच.

आता 'हजारो वर्षं आयुर्वेदात' याबद्दल. अथर्ववेदात 'भंग' नावाची वनस्पती येते, हे खरं. पण चरक आणि सुश्रुतांत गांजाचा निःसंशय उल्लेख दाखवणं अवघड जातं. 'विजया' हा शब्द दिसला की लगेच उड्या मारू नका, कारण हिरड्याच्या एका जातीलाही विजयाच म्हणतात. स्पष्ट उल्लेख येतो तो मध्ययुगात, शार्ङ्गधरसंहितेत. पचायच्या आधीच अंगभर पसरणारी द्रव्यं कोणती, याचं उदाहरण म्हणून तिथे अफूच्या जोडीला भांग सांगितली आहे. पुढे निघंटूंमध्ये तिचे गुण येतात: भूक वाढवते, झोप आणते, मद आणते. म्हणजे परंपरा आहे आणि ती जुनीही आहे. फक्त रीलवाले सांगतात तशी ती सगळ्या रोगांवरची नाही. आपल्या वैद्यांनी तिला अफूशेजारी ठेवलं होतं, तुळशीशेजारी नाही.

आणि इंग्रजांनी बंद पाडलं म्हणता? अहो, इंग्रजांनी तर तो आपल्याकडून उचलून लंडनच्या औषधाच्या दुकानात नेला. नेणारा माणूस मात्र आयरिश होता.

विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी. लिमरिकचा. एडिंबरोला डॉक्टर झाला. विशी नुकतीच उलटली असताना त्याने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, यांच्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातायत, ते परत भरा. १८३२ मध्ये थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने तसं करून पाहिलं. आज आपण हॉस्पिटलात 'सलाईन लावलं' म्हणतो ना, त्याची सुरुवात ही. असा माणूस १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सहायक सर्जन म्हणून कलकत्त्याला आला आणि नव्याने निघालेल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला.

बाजारात गांजा, भांग, माजूम सगळं विकलं जायचं, लोक बिनधास्त घ्यायचे. ओ'शॉनेसीला प्रश्न पडला की याचं औषध होईल का. त्याने जे केलं ते मला फार आवडतं. आधी तो माहीतगारांकडे गेला: पंडित मधुसूदन गुप्त, कमलाकांत विद्यालंकार, हुगळीच्या इमामबाड्याचे सय्यद केरामत अली, तेहरानहून आलेले एक हकीम. संस्कृत, अरबी, फारसी ग्रंथांत काय आहे ते काढून घेतलं आणि त्यांची नावं आपल्या लेखात छापली. त्या काळात हे सगळे साहेब करत नसत. (हे मधुसूदन गुप्त म्हणजे तेच, ज्यांनी १८३६ मध्ये त्याच कॉलेजात प्रेताचं विच्छेदन केलं.)

मग प्राणी. एका कुत्र्याला नेपाळी चरसाचे दहा ग्रेन दिले. ग्रेन हे तेव्हाचं औषधी वजन, साधारण ६५ मिलिग्रॅम. कुत्रा पेंगू लागला, हाक मारली की मूर्खासारखा बघायचा आणि खायला दिलं की खायचा. कुत्री, मांजरं, डुकरं, गिधाडं, कावळे यांना चढली. घोडा, हरीण, शेळी, गाय अशा गवत खाणाऱ्यांना जवळपास काहीच झालं नाही.

मग विद्यार्थी. कॉलेजातल्या काही पोरांनी स्वतःहून अर्क घेऊन पाहिला. त्यातला एक लाजाळू, सरळमार्गी मुलगा अचानक राजा असल्यासारखा दरबाऱ्यांना हुकूम सोडायला लागला. काही तासांनी उतरली आणि पुन्हा गरीब विद्यार्थी. हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे दृश्य नवीन नसेल.

आणि शेवटी रोगी. इथे जरा थांबतो, कारण पुढची सगळी गोष्ट या संधिवाताच्या रोग्यांमध्ये दडलेली आहे. नोव्हेंबर १८३८. एकाला दुपारी राळेचा एक ग्रेन दिला. दोन तासांनी तो बडबडायला, गायला लागला, जास्तीचं जेवण मागायला लागला. संध्याकाळी झोपला. रात्री आठला पाहिलं तर बेशुद्ध. नाडी ठीक, श्वास ठीक, पण हात उचलून हवेत ठेवला की तसाच राहायचा, मेणाच्या बाहुलीसारखा. डॉक्टर हादरला. तो रोगी मध्यरात्रीनंतर शुद्धीवर आला, काही वाईट झालं नाही. दुसऱ्या एकाला फक्त अर्धा ग्रेन दिला, तर त्याने वॉर्डात गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, दोन माणसांचं जेवण फस्त केलं आणि झोपला. आणखी एकाला औषध दिलं तर काहीच नाही. चौकशी केल्यावर कळलं की हा चिलीम ओढणारा, त्याला सवयच होती.

रोग एक आणि औषध एक असूनही तिघांची तीन तऱ्हा. हे लक्षात ठेवा.

तरीही ओ'शॉनेसी पुढे गेला. रेबीज झालेल्या माणसाला तो वाचवू शकला नाही, पण शेवटच्या दिवसांत त्या माणसाचा त्रास कमी झाला, त्याला थोडा भात गिळता आला. धनुर्वातात आखडून गेलेले काही रोगी सैलावले आणि वाचलेही. आणि मग १८३९ मध्ये एक तान्ही मुलगी आली, सुमारे चाळीस दिवसांची, सारख्या आकड्या येणारी. तेव्हाचे सगळे उपाय करून झाले होते. त्याने गांजाच्या टिंक्चरच्या थेंबापासून सुरुवात केली आणि अंदाज घेत घेत थेंब वाढवत नेले. आकड्या थांबल्या. मुलगी बरी झाली. आता, तान्ह्या मुलांच्या काही आकड्या आपोआपही थांबतात, त्यामुळे एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण तो कसा वागला ते बघा: थोडं द्या, पाहा, लिहा, वाढवा.

त्याने हे सगळं बंगालच्या मेडिकल सोसायटीपुढे वाचलं आणि १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला गेला तेव्हा सोबत गांजाही नेला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या पीटर स्क्वायर नावाच्या औषधवाल्याने त्याचा अर्क बनवला. पुढची पन्नासेक वर्षं युरोप-अमेरिकेत डॉक्टर 'कॅनाबिस इंडिका' लिहून द्यायचे. अर्धशिशी, पाळीचं दुखणं, निद्रानाश, आकड्या. व्हिक्टोरिया राणी पाळीच्या दुखण्यासाठी गांजा घ्यायची अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरते. तिला पुरावा नाही. तिचे डॉक्टर जे. रसेल रेनॉल्ड्स गांजाचे मोठे पुरस्कर्ते होते, १८९० मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख लिहिला, त्यावरून कुणीतरी राणीला त्यात ओढलं.

पण रेनॉल्ड्सचा लेख वाचणाऱ्याला दुसरीच गोष्ट दिसते. हा पुरस्कर्ता सारखं बजावतोय की या औषधाची ताकद बाटलीगणिक बदलते, अगदी कमीपासून सुरू करा, वाढवताना जपून. कारण खंडव्याचा माल वेगळा, बंगालचा वेगळा, बोटीत सहा महिने पडून आलेला आणखी वेगळा. टिंक्चर कुणाला पाणी, तर कुणाला थेट तो हात हवेत राहणारा रोगी. डॉक्टरांना हे परवडत नाही. अफूचं बघा. १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच जर्मनीत सर्ट्युर्नरने अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं. त्याचे क्षार पांढरे, कोरडे, काट्यावर तोलता येणारे, पाण्यात विरघळणारे. १८५०च्या दशकात इंजेक्शनची सुई आली आणि मॉर्फीनचं राज्य सुरू झालं. गांजाची राळ पाण्यात विरघळतच नाही. सुईतून देणार काय? आणि तिच्यातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं, हेच कुणाला सापडत नव्हतं. मग १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आली, चार वर्षांनी झोपेच्या नव्या गोळ्या आल्या. एक गोळी, ठरलेलं वजन, ठरलेला परिणाम. गांजाचा अर्क कपाटात मागे मागे सरकत गेला. पोलीस यायच्या कितीतरी आधी डॉक्टरांनीच त्याला सोडायला सुरुवात केली होती. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

पोलीस आणि कायदा ही दुसरी गोष्ट. तिच्यात एक भन्नाट प्रकरण भारतातच घडलं.

१८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संसदेत प्रश्न आला की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत, हे खरं काय? सरकारने आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. एक सदस्य होते वॉर्डन, ओ'शॉनेसीच्याच कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आयोग देशभर फिरला, मुंबई इलाख्यातही आला. ११९३ साक्षीदार. डॉक्टर, कलेक्टर, वैद्य, शेतकरी, मिशनरी, साधू. अहवालाचे सात खंड, तीन हजारांवर पानं.

आणि वेड्यांच्या इस्पितळांचं काय निघालं? आयोगाने १८९२ सालची प्रत्येक केस पुन्हा उघडली. त्या वर्षी १३४४ जण दाखल झाले होते. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं गांजा-भांग. हे कारण लिहिलं कुणी? बऱ्याचदा पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटने. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना, तो रिकामा ठेवता येत नाही. माणूस वेडा सापडला, जवळ चिलीम सापडली, लिहा गांजा. आयोगाने गावोगाव घरच्यांकडे चौकशी करायला लावली, तेव्हा २२२चे ९८ झाले, आणि त्यांतल्याही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणं सोबत होती. आजही एखाद्या सरकारी फॉर्मचा रकाना कसा भरला जातो हे पाहिलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल.

आयोगाने गांजा निरुपद्रवी आहे असं म्हटलं नाही. थोड्या प्रमाणात घेणाऱ्यांचं फारसं बिघडत नाही, अती घेणाऱ्यांचं बिघडतं, मनाने आधीच नाजूक असलेल्यांचं जास्त बिघडतं, आणि बंदी घालू नका, लायसन आणि कर लावा, असं त्यांचं मत पडलं. कर सरकारला हवाच होता, हेही विसरू नका. पण तरीही त्या काळात इतक्या लोकांना विचारून केलेलं काम दुसरं सापडत नाही. अहवाल छापला, शेल्फात गेला.

पुढचा भाग पटकन सांगतो. १९२५च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहाने गांजा-चरस आंतरराष्ट्रीय नियंत्रणात आले. ब्रिटिश औषधकोशातून गांजा १९३२ मध्ये गेला, अमेरिकेच्या १९४२ मध्ये. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात तो हेरॉइनच्या पंक्तीत जाऊन बसला आणि औषधाखेरीजचा वापर पंचवीस वर्षांत संपवायचा असं ठरलं. भारताची परंपरा लक्षात घेता व्याख्येतून नुसती पानं आणि बिया वगळल्या. म्हणून १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसत्या पानांची भांग येत नाही. पण महाराष्ट्रातल्यांनी यावरून खूश होऊ नये. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगही येते.

आता गंमत पाहा. ज्या १९८५ मध्ये दिल्लीत हा कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेने ड्रोनॅबिनॉल नावाच्या कॅप्सूलला परवानगी दिली. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळीवरचं औषध. कॅप्सूलमध्ये काय? गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, प्रयोगशाळेत बनवलेलं, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं.

म्हणजे मधल्या काळात कुणीतरी ते मोजलं होतं. इस्रायलचे राफाएल मेकोलाम. मॉर्फीन सापडून दीडशे वर्षं झाली, गांजाचं मूळ द्रव्य अजून कुणाला माहीत नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी पोलिसांकडून जप्तीचा पाच किलो चरस मागून घेतला आणि सार्वजनिक बसमधून रेहोवोतच्या संस्थेत नेला. बसमधले लोक विचारत होते, हा वास कसला? १९६३ मध्ये सीबीडीची रचना समजली, १९६४ मध्ये त्यांनी आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं काढलं. पुढे १९९२ मध्ये त्यांच्याच गटाला आपल्या मेंदूत तयार होणारं, टीएचसीसारखं काम करणारं एक द्रव्य सापडलं. नाव ठेवलं ॲनंडामाइड. त्यातला पहिला भाग आपला 'आनंद', थेट संस्कृतातून.

आणि आकड्या? १९८० मध्ये ब्राझीलमध्ये कार्लिनी आणि मेकोलाम यांच्या गटाने औषधांना दाद न देणाऱ्या एपिलेप्सीच्या १५ रोग्यांवर सीबीडीची चाचणी केली. आठ जणांना सीबीडी दिलं, त्यांतल्या चौघांच्या आकड्या जवळपास थांबल्या. सीबीडीने नशा होत नाही. इतकं सगळं असून तीसेक वर्षं त्याकडे कुणी पाहिलं नाही. २०१७ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या अवघड एपिलेप्सीच्या १२० मुलांवर चाचणी झाली. सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या आकड्या मध्यमानाने १२.४वरून ५.९वर आल्या, नुसतं सरबत घेणाऱ्यांच्या १४.९वरून १४.१वर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एपिडायोलेक्स हे औषध मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला हेरॉइनच्या यादीतून काढण्यासाठी मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. नियंत्रण तरीही आहेच, हं.

मागच्या महिन्यात एका ताईंचा मेसेज आला. भाचीला फिट्स येतात, वय सहा, ऑनलाइन विजया तेल मागवू का? मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना फक्त आकडे पाठवले, तेच तुम्हालाही सांगतो. एपिडायोलेक्सच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम सीबीडी असतं. वीस किलोच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे ४०० पर्यंत नेतात, तेही लिव्हरच्या तपासण्या करत. मुलाला आधीपासून व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लिव्हरवर ताण येऊ शकतो. क्लोबाझाम चालू असेल तर त्याचा अंश रक्तात वाढून मूल पेंगत राहतं. ही दोन्ही औषधं आपल्याकडे सर्रास दिली जातात. आता तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली, तेव्हा साधारण ३१ टक्क्यांचंच लेबल बरोबर निघालं आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. लहान मुलासाठी ही बाटली चालेल?

बाकी दाव्यांचंही थोडक्यात. केमोची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, काही विशिष्ट एपिलेप्सी, इथे पुरावा बरा आहे. जुनाट दुखण्यात थोडा फरक पडतो, रीलमध्ये दाखवतात तेवढा नाही. डायबेटिसवर, डिप्रेशनवर भरवसा ठेवावा असं काही हाती नाही. आणि विशीच्या आत, घरात सायकोसिसचा इतिहास असताना, टीएचसीशी खेळणं धोक्याचं आहे. मनाने नाजूक असलेल्यांबद्दल त्या १८९४च्या अहवालातही लिहिलेलं होतंच.

आयुर्वेदाच्या नावाने विकणाऱ्यांना एक विचारा. भारताच्या औषध नियमांत विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे, ई(१). तिच्यात धोतरा, बचनाग, बिब्बा यांच्यासोबत भांगही आहे, बिया सोडून. अशा औषधाच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापावी लागते. वैद्यांना विचारा: यात टीएचसी किती, सीबीडी किती, मिलिग्रॅममध्ये? चांगला वैद्य या प्रश्नावर चिडत नाही.

ता.क. ओ'शॉनेसीने पुढे गांजा सोडला आणि १८५०च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले. त्यासाठी त्याला 'सर' केलं, गांजासाठी नाही. तुमच्या हातातल्या फोनचा तो एक पणजोबा. पुढच्या भागात त्याची तार.